मागची सीट कुणी काढली?

दिवाळी अंकात मोटारींवरून भांडण उकरून काढावे, हे पुष्कळांना रुचणार नाही. चकली-करंजीच्या ताटाशेजारी कुणी वंगणाचा डबा आणून ठेवावा, तसे ते वाटेल. त्यातून भांडायला उभा राहिलेला इसम कोण, तर तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवणारा, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा एक मॅट्रिक मास्तर; ज्याच्या स्वतःच्या दारात एका जुन्या दुचाकीपलीकडे काही नाही. परंतु माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्रातून माणसांना खाली उतरवण्याची जी एक फॅशन निघाली आहे, तिच्याशी आहे. आणि हा विषय घरच्या सर्वांनी वाचावा असाच आहे. कारण मी ज्यांच्या बाजूने बोलणार आहे ते मागच्या सीटवर बसणारे लोक आहेत.

अमेरिकेत मोटारींची एक जात आहे, तिला 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे दंडाची बेटकुळी. मध्यम आकाराची, दोन दारांची, पण चार माणसे बसतील अशी गाडी; पुढे बहुधा भले दांडगे आठ सिलिंडरांचे इंजिन; आणि किंमत मात्र कारखान्यातल्या कामगाराला, नुकत्या नोकरीला लागलेल्या पोराला हप्त्याने झेपेल अशी. अंगात बळ, पोटात जागा आणि आवाक्यातला दाम, ही तिची तीन लक्षणे. यातले एक जरी गेले तरी ती दुसरेच काहीतरी होते. मग तिला हवे ते नाव द्या.

हे मी मनचे सांगत नाही. या जातीचा जन्मच तसा झाला आहे. १९६४ सालच्या मोसमात पॉन्टिॲक कंपनीने आपल्या 'टेंपेस्ट' या घरगुती मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि तिला 'जीटीओ' हे नाव दिले. वास्तविक जनरल मोटर्स या तिच्या मातृसंस्थेचा नियम असा होता, की एवढ्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियमाला वळसा घातला. ही काही नवी गाडी नव्हे, ज्याला हवे त्याने जादा पैसे भरून घ्यायची ही एक सोय आहे, असे त्यांनी कागदोपत्री दाखवले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. यात शर्यतीचा मैदानी शास्त्रोक्तपणा कुठे होता? घरची गाडी, तिला मोठे इंजिन, बस्स.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्ड कंपनीने न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'मस्टँग' लोकांपुढे आणली. तिच्या पोटात काय होते? फाल्कन नावाच्या स्वस्त, साध्यासुध्या मोटारीचे सुटे भाग. किंमत २,३६८ डॉलर. मुळातले इंजिन सहा सिलिंडरांचे, शंभर अश्वशक्तीच्या आसपासचे. ज्याला दांडगाई हवी त्याने आठ सिलिंडरांचे घ्यावे. ज्याला नुसते देखणेपण हवे त्याने सहाचे घेऊन भाजी आणायला जावे. वर्षभरात चार लाखांवर मस्टँग विकल्या गेल्या. अशी चार लाख घरे शर्यतीच्या वेडाने उभी राहत नसतात. सकाळी कामावर जायची, दुपारी मुलाला शाळेतून आणायची आणि शनिवारी रात्री जरा ऐट मिरवायची, ही तिन्ही कामे एका गाडीत होतात, हे लोकांना पटले म्हणून ती उभी राहिली.

शर्यत तेव्हा नव्हती काय? होती. शेवरलेट कंपनीने १९६७ साली 'कॅमॅरो' काढली आणि त्यातच 'झेड/२८' नावाची एक शर्यतीची आवृत्ती ठेवली. 'ट्रान्स-ॲम' शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून हिचे इंजिन ३०२ घनइंचांचे. पहिल्या वर्षी अशा गाड्या किती खपल्या? ६०२. आणि एकूण कॅमॅरो? दोन लाखांवर. हे प्रमाण वाचकांनी नीट पाहून ठेवावे. पंगतीत लोणचे वाढतात तितकी शर्यत आणि ताटभर भात-वरण, असे ते प्रमाण होते. लोणचे हवेच, त्यावाचून जेवणाला चव नाही. पण लोणच्याचाच भात करून वाढणाऱ्याला आपण काय म्हणू?

शर्यतीच्या मैदानावर नाव कमावलेल्या कॅरल शेल्बीलाही हा धडा एका वर्षात मिळाला. १९६५ साली त्याने मस्टँगवरून 'जीटी ३५०' केली. शर्यतीच्या नियमांत बसावी म्हणून मागची सीट काढली, गाडी कडक केली, आवाज मोकळा सोडला. अशा ५६२ झाल्या. पुढच्याच वर्षी मागची सीट परत आली, हवे त्याला आपोआप गिअर बदलणारी गाडी मिळू लागली, पांढऱ्याखेरीज इतर रंग आले. आणि हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने सुमारे एक हजार गाड्या उचलल्या. एकूण खप चौपटीच्या घरात गेला. मैदानावर जिंकलेल्या माणसाने गिऱ्हाइकापुढे मान तुकवली, यात त्याचा अपमान झाला असे मला वाटत नाही. उलट ज्याला धंदा कळतो आणि माणूसही कळतो, तो असाच वागतो.

आता आजच्या काळाकडे वळू. २०१४ च्या मॉडेलवर शेवरलेटने झेड/२८ हे नाव पुन्हा काढले. सात लिटरचे, ५०५ अश्वशक्तीचे इंजिन. आणि किंमत पंचाहत्तर हजार डॉलरच्या आसपास. एवढे पैसे मोजून मिळते काय? गाडी थंड ठेवण्याचे यंत्र पाहिजे असेल तर त्याचे पैसे वेगळे. ध्वनिक्षेपक एकच, तोही पट्टा बांधा अशी सूचना वाजवण्यापुरता. डिकीतला गालिचा काढलेला. मागची काच नेहमीपेक्षा पातळ, का, तर तेवढे वजन वाचावे. टायर जवळजवळ शर्यतीचेच. कोरड्या सडकेवर घोरपडीसारखे चिकटणारे आणि साचलेल्या पाण्यात बिचकणारे. हे सगळे कशासाठी? तर जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग नावाच्या वीसेक किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर गाडीने ७ मिनिटे ३७ सेकंदांत फेरी मारावी म्हणून.

पुढे २०१८ साली डॉज कंपनीची 'डीमन' आली. ही वळणांची नव्हे, सरळ पाव मैलाच्या शर्यतीची. कंपनीने तिच्यात सीट किती ठेवली? एक. चालवणाऱ्याची. शेजारची सीट हवी तर एक डॉलर जादा. मागची हवी तर आणखी एक डॉलर. म्हणजे दोन डॉलर मोजले की सहकुटुंब! कंपनीने ही गंमत म्हणून केली, हे मलाही कळते. पण गंमतीतच माणसाच्या पोटातले बाहेर येते. गाडी आधी एकट्याची, कुटुंब मागाहून जोडायचे पुरवणी कलम, हा तिच्यामागचा विचार आहे.

आणि या परंपरेचा कळस म्हणजे फोर्डची 'मस्टँग जीटीडी'. २०२४ साली तिने त्याच जर्मन मार्गावर सात मिनिटांच्या आत फेरी मारली. पराक्रम खराच; टोपी काढावी असाच. पण ही मस्टँग सव्वातीन लाख डॉलरांची. मागची सीट नाही. डिकी नाही, डिकीच्या जागी चाकांना तोलून धरणारी यंत्रणा बसवली आहे. आणि ती यंत्रणा दिसावी म्हणून जिथे पोरे बसायची तिथे एक खिडकी ठेवली आहे. साठ वर्षांपूर्वी चार लाख घरांत गेलेल्या गाडीच्या नावाने आज ही वस्तू विकली जाते. पोरांची जागा काढून तिथे खिडकी ठेवणे, याहून वेगळे प्रतीक कादंबरीकाराने शोधू म्हटले तरी सापडणार नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, या मूठभर गाड्या. त्यांनी तुमचे काय घोडे मारले? मूठभर गाड्यांविषयी माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार आहे ती त्यांचे माप सबंध जातीला लावण्याविषयी. शर्यतीच्या घड्याळाचा काटा हाच गाडीच्या थोरवीचा पुरावा, असे एकदा ठरले की साध्या गाडीचा आराखडा करणाऱ्याचा हातही तिकडेच वळतो. याचे उदाहरण म्हणजे कॅमॅरोच.

२०१६ च्या मॉडेलवर सहाव्या पिढीची कॅमॅरो आली. वजनाने हलकी, वळणावर चपळ. 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम मोटार ठरवले. मैदानावर तिच्या प्रतिस्पर्धी गाड्यांना तिने घाम फोडला. २०१७ साली तिच्या सर्वांत जहाल आवृत्तीने त्या जर्मन मार्गावर ७ मिनिटे १६ सेकंदांची वेळ नोंदवली. मात्र खिडक्या फटीएवढ्या, दारांची कड खांद्यापर्यंत, मागे वळून पाहावे तर काही दिसत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक आहे. बारीक खिडकी आणि उंच दार कागदावर किती झोकदार दिसते ते मला ठाऊक आहे. वर्गातली पोरेही मोटार काढताना खिडकी बारीकच काढतात. परंतु कागदावरच्या मोटारीला गर्दीच्या रस्त्यावर मागे घ्यावे लागत नाही. डिकी म्हणाल तर ९.१ घनफूट. मागच्या सीटवर मोठ्या माणसाने बसणे म्हणजे शिक्षाच.

तिच्या समोर डॉजची 'चॅलेंजर' पाहा. २००८ पासूनचा जुना सांगाडा. आठ सिलिंडरांची घेतली तर वजन एकोणीसशे किलोंच्या आसपास. वळणावर कॅमॅरोपुढे ती म्हैस. पण मागे दोन माणसे खरोखर बसतात, डिकी १६.२ घनफूट, २०१७ पासून बर्फाच्या मुलखासाठी चारही चाकांना जोर देणारी आवृत्तीसुद्धा मिळू लागली. आता निकाल ऐका. २०१९ साली, म्हणजे करोनाच्या साथीच्या आधी, अमेरिकेत मस्टँग सुमारे बहात्तर हजार खपल्या, चॅलेंजर सुमारे एकसष्ट हजार आणि सगळ्यांत चपळ असलेली कॅमॅरो सुमारे अठ्ठेचाळीस हजार. याच कॅमॅरोचा खप २०१४ साली शहाऐंशी हजारांच्या घरात होता. २०२२ साली तर म्हाताऱ्या चॅलेंजरने मस्टँगलाही मागे टाकले: सुमारे पंचावन्न हजार विरुद्ध सुमारे साडेसत्तेचाळीस हजार, कॅमॅरो पंचवीस हजारांच्या आत. मैदानावर पहिली आलेली बाजारात तिसरी आली, आणि मैदानावर मागे पडणारी बाजारात पहिली. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून हा निकाल टाळता येणार नाही. गिऱ्हाइकाला दररोज त्याच गाडीत बसायचे असते.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, दोन दारांच्या गाड्यांचा सगळा बाजारच आटला; लोक उंच, ऐसपैस गाड्यांकडे गेले; त्याला शर्यत काय करणार? खरे आहे. पण लोक तिकडे का गेले? चढा-उतरायला सोपे, चहूकडे नीट दिसते, सामान मावते, म्हणून. म्हणजे ज्या गोष्टी तुम्ही ओझे म्हणून फेकून दिल्या त्याच उचलून दुसऱ्यांनी दुकान मांडले! दुसरे म्हणतात, तुमची लाडकी चॅलेंजरही डिसेंबर २०२३ मध्ये बंदच झाली ना? झाली; परंतु गिऱ्हाईक उठून गेले म्हणून नव्हे. धुराचे कायदे कडक होत होते आणि कंपनीला विजेच्या गाड्यांकडे वळायचे होते, म्हणून.

तिसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. शर्यतीत जे शोधतात ते पुढे सामान्य गाडीत येते, असे ते सांगतात. हेही खरे, आणि हाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. लोखंडाचे सूक्ष्म कण असलेल्या तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर निघाले आहेत. चुंबकाच्या प्रभावाने ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत कडक होतात किंवा मऊ. मैदानावर कडक, खड्ड्यात मऊ. जहाल कॅमॅरोत ते २०१२ पासून होते. मस्टँगलाही २०१८ पासून जादा पैशांत मिळू लागले. घर आणि मैदान यांचा समेट घडवणारी एवढी सुंदर युक्ती हाताशी असता, सर्वांत जहाल आवृत्तीत तीच काढून पुन्हा नुसते कडक शॉक ॲब्सॉर्बर घातले. कारण घड्याळात काही क्षण वाचतात! शोध लावायचा शर्यतीने आणि टाकून द्यायचा तोही शर्यतीनेच, मग सामान्य माणसाने त्याचे आभार कधी मानायचे?

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती आहेत. शर्यतीचा खोंड नांगराला जुंपत नाहीत आणि छकड्यावर संसार लादत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. पण ज्या गावात शर्यतीचा खोंड असतो, त्या गावात पेरणीचे बैल आधी असतात. त्यांच्या जिवावर खोंडाला खुराक मिळतो. गोठा सगळाच शर्यतीचा केला तर पेरणी कोण करणार, आणि खोंडाला तरी कोण पोसणार?

दोन वर्षांपूर्वी भाच्याने तिकीट पाठवले म्हणून मिशिगनला जाऊन आलो. बिनपगारी रजा पडली, पण ऑगस्टमधला तो शनिवार पाहिला. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर १९९५ पासून दर वर्षी जुन्या मोटारींची जत्रा भरते. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आजोबा-आजी, पोरेटोरे बसलेली. समोरून साठ सालच्या गाड्या गुरगुरत चाललेल्या. एका जुन्या जीटीओच्या मागच्या सीटवर तीन नातवंडे दाटीने बसली होती आणि आइस्क्रीम सांडत होती. पुढे म्हातारा अभिमानाने हात हलवत होता. घाई कुणालाच नव्हती. ती गाडी साठ वर्षे जपली गेली, कारण त्या घरातल्या प्रत्येकाची तिच्यात जागा होती. माणूस आठवणी जपतो, सेकंद जपत नाही.

माझ्या भाच्याकडेही एक अशीच मैदानी गाडी होती. कंपनीचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. दीड वर्षाच्या नातीची सीट मागे बसवताना सूनबाईची कंबर धरली. मी एकदा बसलो, तर रस्त्यातली प्रत्येक भेग मणक्याला कळली. भाचा म्हणाला, "मामा, ही नेण्याआणण्यासाठी नाहीच मुळी. ही मैदानावर बघायला पाहिजे."

"आणि मैदानावर किती वेळा नेलीस?"

"एकदा," तो म्हणाला. "टायर फार महाग आहेत हो, मामा."

सूनबाई आतून म्हणाली, "आणि आम्ही दोघी सगळीकडे त्यांच्या मित्राच्या गाडीतून जातो." पुढल्या हिवाळ्याआधी ती गाडी विकली गेली. भाचा हळहळला, हे मी नाकारत नाही. पण त्याला हवी होती ती दांडगाई. मणके मोडणे त्याने मागितले नव्हते. ते त्याला दांडगाईबरोबर सक्तीने घ्यावे लागले.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण शेवट हसण्यासारखा नाही. २०२४ च्या मॉडेलनंतर कॅमॅरो बंद झाली. मिशिगनमधल्या लान्सिंगच्या ज्या कारखान्यात ती होई, तिथल्या साडेतीनशेच्या आसपास कामगारांना कमी करण्याची सूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. घड्याळाचे विक्रम कागदावर राहिले. हातातले पाने खाली ठेवावे लागले ते त्या माणसांना. आणि तीस-बत्तीस हजार डॉलरांत मिळणारी, नुकत्या कमावत्या पोराला स्वप्न म्हणून दाखवता येणारी एक गाडी बाजारातून उठली. आज तिथल्या त्या पोराला या जातीत निवड फार थोडी उरली आहे. श्रीमंताचे काही अडले नाही. त्याच्यासाठी सव्वातीन लाखांची खिडकी उघडी आहे. नुकसान झाले ते बेताच्या पगारात थोडी मजा शोधणाऱ्याचे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. शर्यतीच्या आवृत्त्या जरूर काढा. सहाशे काढा, हजार काढा, त्यांची चित्रे भिंतीवर लावायला माझे विद्यार्थी तयार आहेत. पण पाया साध्या गाडीचा असू द्या: दिसेल अशी खिडकी, बसता येईल अशी मागची सीट, दोन पेट्या मावतील अशी डिकी आणि पगारात बसेल असा दाम. त्यावर इंजिन हवे तेवढे मोठे घाला. कुणी तक्रार करणार नाही. डॉजने आपल्या नव्या चार्जरला मोठे मागचे दार आणि चार दारांची आवृत्ती दिली आहे. विजेवरच्या पहिल्या गाड्यांच्या मागाहून पेट्रोलचे सहा सिलिंडरांचे इंजिनही दिले. तिथे कुणाला तरी हे उमगले आहे, असे दिसते.

आणि ज्या वाचकांची मुले-सुना त्या मुलखात आहेत, त्यांना एक विनंती. या दिवाळीत फोनवर बोलताना चिरंजीवांनी नव्या दांडग्या गाडीचा विषय काढला, तर अश्वशक्ती किती आणि फेरी किती मिनिटांची, हे विचारू नका. विकत घेण्याआधी सूनबाईंना मागच्या सीटवर पंधरा मिनिटे बसवून गाडी खराब रस्त्यावरून फिरवून आण, एवढे सांगा. त्या हसत उतरल्या तर खुशाल घेऊ द्या.